एकट्या माणसाची उमेदवारी

रत्नागिरीहून पालीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथल्याच लोकलबोर्डाच्या शाळेत मी मास्तर होतो. आमच्या कुणबीवाडीतून सातवीची फायनल पास झालेला मी पहिलाच, त्यामुळे वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा मला बघून बिडी विझवायची. मला ते आवडायचं नाही, पण नको म्हणायचं कसं, तेही कळत नव्हतं. वडील गिरणीत कामाला होते. छातीचं दुखणं घेऊन मुंबईहून परत आले आणि दिवाळीच्या पुढंमागं वारले.

त्यांच्या बाराव्याला सकाळीच खोताचा माणूस दारात उभा राहिला. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. पण गावात जमीन, झाडं, घराखालची जागासुद्धा त्याच्याच शब्दावर चालायची. कुळांनी त्याच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्या घरची माणसं कुठं निघाली की त्यांच्या मेण्याला, म्हणजे बंद पालखीला, खांदा द्यायचा. याला वेठ म्हणत. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे. त्या दिवशी आमच्या घराची होती, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. खोताच्या आईचे डोळे दाखवायला तिला मेण्यातून रत्नागिरीला न्यायचं होतं. आणि पिंड द्यायचा होता तोही भावानंच.

आईनं मला खोताकडे पाठवलं. म्हणाली, तू शिकलेला आहेस, तुझं ऐकेल. खोत काही राक्षस नव्हता. त्यानं मला ओटीवर बसवलं, वडिलांबद्दल चार चांगले शब्द बोलला. मग म्हणाला, "मास्तर, तुमची अडचण मला समजते. पण आज तुमच्या भावाला सोडलं तर उद्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी मेलेलं असेल. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी रामराम करून उठलो. घरी येऊन मी कोट काढून खुंटीला लावला, डोक्याला पंचा बांधला आणि भावाला म्हटलं, तू नदीवर जा, पिंड दे. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. आई आत गेली, परत बाहेर आली नाही.

मेणा उचलायला आम्ही चौघे होतो. बाकीचे तिघे वाटभर मला म्हणत होते, मास्तर, तुम्ही नुसते हात लावून चला. मी ऐकलं नाही. हातखंब्याच्या चढावर खांद्याचं कातडं सोलवटलं. आत बसलेल्या म्हातारीला काहीच माहीत नव्हतं. मध्येच ती आतून विचारायची, पोरांनो दमलात का रे, थांबा जरा, पाणी प्या. शहरात मेणा खाली ठेवला, पडदा बाजूला झाला, आणि तिनं मिचमिच्या डोळ्यांनी मला ओळखलं. तिचा चेहरा पडला. "मास्तर, तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. आजवर माझ्यासाठी कोणाला इतकं लाजलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तिची कीव आली. परतीच्या वाटेवर मात्र मला कळलं, की मला राग आलाय. तो तिच्यावर नव्हता, खोतावरही पुरता नव्हता. कोणावर आहे हे सांगता येत नव्हतं म्हणूनच तो जात नव्हता.

पुढच्या पंधरवड्यात वाडीतले लोक एकेक करून माझ्याकडे येऊ लागले. आधी इकडचं तिकडचं बोलायचे, मग हळूच विचारायचे, ही वेठ कायद्यात आहे काय? मी शोधलं, वाचलं, रत्नागिरीतल्या एका भल्या वकिलाला विचारलं. कायद्यात तिला काही आधार नव्हता. मी लोकांना तसं सांगितलं. पुढच्या खेपेला मेणा उचलायला वाडीतलं कोणीच गेलं नाही.

खोतानं आरडाओरडा केला नाही. त्यानं भावाकडचा वाफा, ज्यात आमचं वर्षाचं भात यायचं, स्वतः कसायला काढून घेतला. माझी बदली मंडणगडकडच्या एका शाळेत झाली. बदलीमागे कोण होतं याचा पुरावा नव्हता, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ मला कधी एक शब्द वावगा बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून तो मला नावानं हाक मारेनासा झाला. इतरांसारखा तोही 'मास्तर' म्हणू लागला. आपल्याच भावाच्या तोंडून तो शब्द ऐकताना कसं वाटतं, हे मला कोणाला सांगता आलेलं नाही.

मी बदलीच्या जागी गेलोच नाही. राजीनामा दिला आणि रत्नागिरीला येऊन कोर्टाच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसलो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देणारा तो अर्जनवीस. चिंचेखाली एक बाक, पुढ्यात दौत. कोणाचं घर पाडलं, कोणाचं फणसाचं झाड तोडलं, कोणाला बांधाच्या बाहेर काढलं, अशी माणसं दूरदूरच्या वाड्यांतून चालत यायची. मी लिहायचो आणि मामलेदारांपुढे त्यांच्याबरोबर उभा राहायचो. काही अर्ज मंजूर व्हायचे, पुष्कळ पडून राहायचे. पण दरवेळी कोणीतरी साहेबासमोर उभं राहतं, एवढ्यानंच लोकांना धीर यायचा.

शहरात मला कोणी खोली देईना. जात विचारत, मग धंदा विचारत, आणि खोताविरुद्ध अर्ज लिहितो म्हटल्यावर जागा नाही म्हणत. शेवटी राजिवड्याला एका मुसलमान होडीवाल्यानं आपल्या वखारीचा माळा दिला. खाली सुकी मच्छी भरलेली असायची. आम्ही डोंगराकडची माणसं, त्या वासाची आम्हाला सवय नव्हती. पहिले काही आठवडे मी उशीखाली तोंड खुपसून झोपलो. तो म्हातारा थोडकं बोलायचा. जिन्यात भेटला की हात कपाळाला लावायचा आणि पुढे जायचा. तरी त्या शहरात मला रोज ओळखणारा तो एकटाच होता.

बायको सुरुवातीला गावीच आईजवळ राहिली, मग माळ्यावर आली. आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. ती आली आणि त्या जागेला घरपण आलं. पण सासरे शेजारच्या गावात त्याच खोताच्या जागेवर राहत होते. एके दिवशी मी कोर्टातून आलो, तर ती गाठोडं बांधून बसलेली.

"मी माहेरी जातेय," ती म्हणाली. "खोतानं बापसाला सांगितलंय, जावई हवा की घर, ते ठरव. जावई तोडला हे गावाला दिसलं पायजे."

मी विचारलं, सासरे काय म्हणाले?

"तो काय म्हणणार. नुसता बसून राहिला."

"मी थांबवू का हे सगळं?"

तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली. खाली हमाल माशांच्या पाट्या हलवत होते, त्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "थांबवलंत तर मला तुमचं तोंड बघवायचं नाय. नाय थांबवलंत तर बापसाचं बघवायचं नाय. त्यापेक्षा मी जाते."

मी तिला पालीपर्यंत पोचवलं. तिथून पुढे बरोबर दिसायचं नाही असं ठरलं होतं. ती वळणापर्यंत गेली, गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरची वर्षं मला नीट वेगळी काढता येत नाहीत. दिवसभर माणसं असायची, पण ती माझ्याकडे नव्हे, माझ्या बाकापुढे आलेली असायची. काम झालं की गाव गाठायची घाई. कोणी म्हणायचं, वकीलसाहेब येतो. मी वकील नाही, हे सांगायचंही मी पुढे सोडून दिलं. संध्याकाळी माळ्यावर एक मूठ भात शिजवायचा, पातेल्यातच कालवायचा, तिथंच खायचा. आपण स्वतःशी मोठ्यानं बोलतो हे मला एकदा जिन्यातल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. गावी गेलो तरी तीच तऱ्हा. वाडीत शिरलो की घोंगडी अंथरली जायची, मी बसलो की बाकीचे उभे राहायचे. आई होती तोवर 'अरे जेवलास काय' असं विचारणारं कोणीतरी होतं. ती गेल्यावर मला अरेतुरे करणारं माणूस उरलं नाही.

प्रांताच्या विधिसभेच्या निवडणुका होणार असं ठरलं तेव्हा गणपतीला मुंबईहून आलेले आमच्याकडचे गिरणीवाले माझ्या माळ्यावर जमले. परळला गाववाल्यांची खोली होती, तिथं आधी बोलणं होऊन आलं होतं. कुळांच्या बाजूनं आपला माणूस उभा करायचा. दोनतीन नावं निघाली. एकाची बाग खोताकडे गहाण, एकाचा मुलगा खोताच्या ओळखीनं कचेरीत लागलेला. मग गिरणीतल्या एका म्हाताऱ्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला उभा करा. घर नाय, जमीन नाय, बायकोसुद्धा माहेरी. खोतानं ह्याला धरायचा म्हटला तर धरायला जागाच नाय."

सगळे हसले. मीही हसलो. अशा रीतीनं मी उमेदवार झालो. लोक गेल्यावर मी माळ्याकडे पाहिलं आणि त्या जॉबरचं म्हणणं किती खरं आहे ते मला दिसलं.

मत तेव्हा सगळ्यांना नव्हतं. ठराविक सारा भरणारे, थोडं शिकलेले, आणखी काही मोजके, एवढ्यांनाच होतं. ज्यांच्यासाठी मी उभा होतो त्यातल्या बहुतेकांना मत नव्हतंच. हे मला ठाऊक होतं, पण चालायला लागल्यावर त्याचा अर्थ कळला. एखाद्या वाडीत पोचलो की ढोल वाजायचा, देवळापुढे माणसं गोळा व्हायची, बायका दूर उभ्या राहायच्या. मी बोलायचो, ती ऐकायची, काहींचे डोळे भरून यायचे. आणि त्या सगळ्यांत मत असायचं एखाद्यालाच, कधी कोणालाही नाही. तरी मी प्रत्येक वाडीत गेलो. गाडीरस्ता फार थोडा होता, बाकी सगळा कातळ आणि घाट्या.

संगमेश्वराकडच्या एका वाडीत यादीत एकच नाव होतं, तेही एका बाईचं. तिचा मुलगा पलटणीत होता, चौदा सालच्या मोठ्या लढाईत परमुलखात मेला. तिला त्याची पेन्शन होती, त्यामुळे मतही मिळालं होतं. ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती. मी बसलो, मत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती सूप खाली न ठेवता ऐकत होती.

"म्हंजे ह्ये मत माजं नाय," ती म्हणाली. "माज्या झिलाचं हाय."

मी म्हटलं, एका अर्थी त्याचंच.

"तेचं मढं कुटं पुरलं, ता सरकारला म्हाईत नाय. पन तेचं मत म्हाईत हाय." तिनं सूप ठेवलं. "मी दिलं, तर पुन्ना अशी लढाय व्हनार नाय ना?"

तिला हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "आजी, ते माझ्या हातात नाही. वेठ बंद करायचा प्रयत्न करीन, एवढंच."

तिनं हात झटकले. मग विचारलं, "तू एकलाच हिंडतोस? जेवतोस कुटं?"

कितीतरी दिवसांनी कोणी मला 'तू' म्हटलं होतं. मी तिच्या ओटीवर नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. उठताना तिनं मत देते की नाही ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सासऱ्यांचं गाव वाटेत आलं. तिथं बोलणं भाग होतं, पण त्यांच्या घराकडे जाणं शक्य नव्हतं. खोताची माणसं नजर ठेवून होती. सभा झाली, माझ्याबरोबरचे दोघे पुढच्या वाडीला सांगावा द्यायला गेले. मी विहिरीच्या वाटेनं उतरत होतो. बायको समोरून घागर घेऊन आली. थांबली नाही, फक्त चाल मंदावली. ती बारीक झाली होती.

"लंगडता कशापायी?" माझ्याकडे न बघता तिनं विचारलं.

"टाचा फुटल्यात. कातळ तापतो."

"घाटीवर पिंपळाच्या बुडाशी ठेवीन सकाळी," ती म्हणाली आणि गेली.

सकाळी पिंपळाच्या बुडाशी पानात गुंडाळलेला रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, तेलाचा गोळा होता. आमच्याकडे भेगांना तोच वितळवून लावतात. मी तिथंच बसून टाचांना तो चोळला. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती कुठून तरी बघत असेल असं वाटून मी जरा जास्तच वेळ बसलो.

मी निवडून आलो. थोडक्यात आलो, पण आलो. मतदानाच्या दिवशी ती पलटणीतल्या मुलाची आई दोन बायांचा आधार घेऊन तीन डोंगर ओलांडून आली होती, असं मला नंतर कळलं. मत कोणाला दिलं हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. निकालाला शहरात गुलाल उधळला, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खाली ठेवा म्हणून मी कळवळून सांगत होतो, पण वाजंत्र्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. उन्हं उतरली तशी माणसं पांगली. त्यांना अंधाराच्या आत घाट गाठायचा होता. मी माळ्यावर आलो, आंघोळ केली. होडीवाला म्हातारा जिना चढून पहिल्यांदाच वर आला. त्याच्या हातात तळलेल्या बांगड्यांची बशी होती.

"मुबारक हो मास्तर," तो म्हणाला. "माझं मत तुला घालता आलं नाही. आम्हा मुसलमानांच्या जागा वेगळ्या, उभी राहणारी माणसं वेगळी."

मी म्हटलं, मला माहीत आहे. आम्ही दोघांनी ते बांगडे खाल्ले. तेव्हा त्या वासाचं मला काहीच वाटत नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट अशी झाली की तिचा आनंद मानावा की नाही, हे मला अजून कळत नाही. खोत स्वतः मला भेटायला शहरात आला. हार आणला होता. झालं गेलं विसरून जा म्हणाला, आणि जाताना सहज बोलल्यासारखं, तुमच्या मंडळींना आता आणा की, असं म्हणाला. आठवड्याभरात सासरे तिला घेऊन आले. त्यांनी माझ्या पायांकडे हात नेला, मी मागे सरलो. ते बसले नाहीत. मोटार सुटेल म्हणून निघून गेले.

ती दाराशी उभी राहिली. मी बस म्हटल्यावर बसली. इतकी वर्षं आम्ही एकमेकांची वाट पाहिली होती, पण ज्याची वाट पाहिली ते माणूस दोघांनाही समोर दिसत नव्हतं. मी पातेल्यात जेवायचो, घरात ताट एकच होतं. माझं जेवण होईपर्यंत ती थांबायची आणि मग तेच ताट धुऊन घ्यायची. दुसरं ताट आणायला हवं, हे दोघांच्याही मनात होतं. बाजारातून ते यायला बरेच दिवस गेले. एकदा ती म्हणाली, "मी येते म्हटलं म्हणून नाय आले. खोतानं पाठवलं म्हणून आले. ह्ये मला टोचतं." मला सुचेल ते मी बोललो. त्यानं तिचं टोचणं गेलं नाही.

वैशाखात एका संध्याकाळी मी तिला मांडवीला नेलं. समुद्राच्या जिल्ह्यात जन्मलेली ती, पण डोंगराकडची असल्यामुळे तिनं समुद्र पाहिला नव्हता. रत्नागिरीत आल्यावरही खाडीच पाहिलेली. ती पाण्यापासून बरीच लांब उभी राहिली. लांबवर मुंबईची बोट थांबली होती आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, माणसं घेऊन तिकडे चालले होते. तिचा धाकटा भाऊ त्याच वाटेनं मुंबईला गेला होता, परत आला नव्हता. अंधार पडायला लागला तेव्हा मी निघू या म्हटलं. ती म्हणाली, थोडं थांबू या. आम्ही थांबलो. ते तेवढं थांबणं बरं होतं.

आमच्या गावची वेठ त्यानंतर पुन्हा सुरू झाली नाही. खोती कायद्यानं गेली ती पुढे पुष्कळ वर्षांनी, तेव्हा मी सभागृहात नव्हतो. भावाचा वाफा परत मिळाला, पण त्यानं मला नावानं हाक मारली नाही. बायको शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिली. आम्ही एकमेकांना सावकाश सरावलो.

त्या पहिल्या वर्षी विधिसभा आषाढात पुण्याला भरली. बोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून मी आंबा घाटानं सर्व्हिस मोटारीतून कोल्हापूरला आणि तिथून रेल्वेनं गेलो. ती मोटारीपर्यंत आली होती. तिथं मराठीत बोलणार की इंग्रजीत, असं तिनं विचारलं. मराठीत, मी म्हटलं.

"मग सावकाश बोला," ती म्हणाली. "तुमी घाई करता नि अर्धं पोटात ठेवता."

माझी पाळी आली तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मंडळी चहाला गेली होती. अध्यक्षांनी मराठीत बोलायला परवानगी दिली. मी सावकाश बोललो. वेठीबद्दल जे बोलायचं होतं ते सगळं बोललो, पोटात काही ठेवलं नाही. मग खाली बसलो. शेजारच्या खुर्चीवर देशावरचे एक गृहस्थ होते, चांगल्या घरचे, मायाळू. त्यांनी वाकून विचारलं, आपला जिल्हा कोणता?

मी रत्नागिरी म्हणालो.

"वा," ते म्हणाले. "तुमच्याकडे आंबा फार सुरेख होतो."

मी हो म्हटलं. आमच्या वाडीत कलमी आंब्याचं एकही झाड नव्हतं.